इंग्रजी वाक्य अडतं कुठे? नेहमीच्या शंका आणि त्या सोडवायची पद्धत

इंग्रजी शिकणाऱ्यांच्या शंका वरवर पाहिल्या तर शेकडो वाटतात. 'सिन्स' की 'फॉर'? इथे 'द' लागतो की नाही? 'डिस्कस'पुढे 'अबाउट' का चालत नाही? मुळाशी गेलं की मात्र मोजकीच कारणं हाती लागतात. इंग्रजी जवळपास प्रत्येक वाक्यात काही गोष्टी विचारते: ही वस्तू मोजता येते का, ऐकणाऱ्याला नेमकी कोणती ते कळलंय का, सांगितलेली वेळ संपली की अजून चालू आहे, आणि या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो. मराठी वाक्य यांची उत्तरं न देताही पुरं होतं, त्यामुळे आपलं लक्ष तिकडे जात नाही. नियम तोंडपाठ असणाऱ्यांच्याही चुका होतात त्या यामुळेच.

म्हणून खालच्या पायऱ्या तपासणीच्या क्रमाने लावल्या आहेत. आधी मनात येईल तसं वाक्य लिहून काढा, मग एकेक पायरी घेऊन ते तपासा. बोलताना एवढी फुरसत मिळत नाही, पण लिहिताना लागलेली सवय हळूहळू बोलण्यात उतरते. इंग्रजी उदाहरणं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. स्पेलिंग डिक्शनरीत पाहून घ्या.

पायरी १: प्रत्येक नामापाशी थांबा

वाक्यातली नामं अधोरेखित करा आणि प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने.

पहिला प्रश्न: हे नाम इंग्रजीत मोजतात का? 'चेअर' मोजतात, 'फर्निचर' मोजत नाहीत. 'सूटकेस' मोजतात, 'लगेज' नाही. जे मोजत नाहीत त्याला 'अ' किंवा 'ॲन' लागत नाही, अनेकवचनाचा 'एस' लागत नाही आणि क्रियापद एकवचनी येतं. सर्वात जास्त चुका होणारे शब्द पाठच करून टाकावेत: इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, न्यूज, होमवर्क, इक्विपमेंट, नॉलेज, एव्हिडन्स, रिसर्च, फीडबॅक, सॉफ्टवेअर, ट्रॅफिक, स्टेशनरी. मराठीत आपण दोन सल्ले देतो, चार बातम्या ऐकतो, पुरावे गोळा करतो. तेच डोक्यात ठेवून 'टू ॲडव्हायसेस' किंवा 'न्यूज आर' लिहिलं जातं. मोजायचंच असेल तर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस', 'टू पीसेस ऑफ इन्फॉर्मेशन' अशी रचना वापरा, किंवा सरळ 'सम' लावा.

काही शब्द दोन्हीकडे वावरतात आणि अर्थ बदलतो. 'एक्सपीरियन्स' एकवचनात, 'अ' न लावता आला तर तो कामाचा साठलेला अनुभव. 'एक्सपीरियन्सेस' म्हटलं की आयुष्यात आलेले वेगवेगळे प्रसंग. नोकरीच्या अर्जात 'फाइव्ह इयर्स ऑफ एक्सपीरियन्स' लिहायचं, 'एक्सपीरियन्सेस' नाही. तसंच 'पेपर' म्हणजे कागद हे द्रव्य, तर 'अ पेपर' म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध.

दुसरा प्रश्न: मोजता येणारं नाम एकवचनात उघडं तर पडलं नाही ना? आर्टिकलच्या सगळ्या नियमांतून एकच पाठ करायचा असेल तर हा करा. मोजता येणारं एकवचनी नाम इंग्रजीत सहसा एकटं उभं राहत नाही. त्याच्या आधी अ, ॲन, द, माय, दिस, एव्हरी यांपैकी काहीतरी हवंच. 'आय बॉट कार' हे वाक्य अर्धवट आहे. 'आय बॉट अ कार', 'द कार', 'माय कार', जो अर्थ असेल तो घ्या, पण जागा रिकामी ठेवू नका. 'गो टू बेड', 'बाय बस', 'ॲट नाइट' असे ठरलेले शब्दप्रयोग अपवाद आहेत. ते आहेत तसे लक्षात ठेवायचे.

तिसरा प्रश्न: कोणती वस्तू, हे ऐकणाऱ्याला कळलंय का? कळलं असेल तर 'द', नसेल तर 'अ'. म्हणून पहिल्या उल्लेखाला 'अ' आणि दुसऱ्याला 'द', असं शिकवतात. ते बरोबरच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. 'आय बॉट अ लॅपटॉप, बट द कीबोर्ड इज टू स्मॉल' हे वाक्य बघा. कीबोर्डचा उल्लेख पहिल्यांदाच आलाय, तरी 'द' आहे. लॅपटॉप म्हटला की त्याला एक कीबोर्ड असतो हे ऐकणाऱ्याला माहीत आहे, त्यामुळे कोणता कीबोर्ड हा प्रश्नच उरत नाही. उल्लेख कितवा, यापेक्षा 'कोणता?' असं कोणी विचारेल का, हे बघणं जास्त भरवशाचं.

सगळ्या जातीबद्दल सर्वसाधारण विधान करायचं असेल तर अनेकवचन घ्या आणि आर्टिकल सोडा: 'डॉग्ज आर लॉयल'. न मोजता येणाऱ्या नामाचंही तसंच: 'लाइफ इज शॉर्ट'. पण 'द लाइफ ऑफ अ सेलर' म्हटलं की कोणाचं आयुष्य ते ठरलं, म्हणून 'द' आला.

'अ' की 'ॲन' हा प्रश्न आपल्याला खरं तर सोपा पडायला हवा. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. स्वराने सुरू झाला तर 'ॲन', व्यंजनाने सुरू झाला तर 'अ'. यूनिव्हर्सिटी 'य'ने सुरू होते, म्हणून 'अ यूनिव्हर्सिटी', स्पेलिंगमध्ये पहिलं अक्षर यू असलं तरी. अवर आणि ऑनेस्ट यांच्यातला एच उच्चारत नाहीत, म्हणून 'ॲन अवर', 'ॲन ऑनेस्ट मॅन'. 'ॲन एमबीए', 'ॲन एसएमएस', पण 'अ वन-वे रोड'. स्पेलिंगकडे बघून 'अ' किंवा 'ॲन' ठरवणारे नेमके इथे फसतात.

भूगोलातल्या नावांना सरधोपट नियम आहे. नद्या, समुद्र आणि पर्वतरांगांना 'द' लागतो. एकट्या शिखराला, एकट्या सरोवराला आणि बहुतेक देशांना लागत नाही. 'द हिमालयाज' पण 'माउंट एव्हरेस्ट'; 'द नाइल' पण 'लेक व्हिक्टोरिया'. 'द नेदरलँड्स' आणि 'द युनायटेड स्टेट्स' ही नावं अनेकवचनी रूपाची आहेत, म्हणून तिथे 'द' येतो.

पायरी २: क्रियापदाला वेळ विचारा

मराठी माणसाची इथली सर्वात हमखास चूक म्हणजे 'हॅड'. 'मी काल बँकेत गेलो होतो' हे आपण सहज बोलतो, आणि त्याचं 'आय हॅड गॉन टू द बँक येस्टरडे' होतं. इंग्रजीत इथे साधा भूतकाळ पुरतो: 'आय वेन्ट टू द बँक येस्टरडे'. 'हॅड गॉन' वापरायचा तो भूतकाळातल्याच दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी हे घडून गेलं, असं दाखवायचं असेल तेव्हा: 'व्हेन आय रीच्ड द स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट'. मी पोहोचलो ही एक घटना, गाडी त्याआधी सुटली ही दुसरी. वाक्यात किंवा मागच्या वाक्यात अशी दुसरी घटना सापडत नसेल तर 'हॅड' खोडा. 'होतो, होती, होतं' दिसलं की हात 'हॅड'कडे जातो. तिथे क्षणभर थांबायची सवय लावली तर निम्म्या चुका तिथेच आटोपतात.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची आहे. 'हा सिनेमा मी काल पाहिलाय' मराठीत चालतं. इंग्रजीत 'आय हॅव सीन दिस फिल्म येस्टरडे' चालत नाही. 'हॅव सीन' हा प्रेझेंट परफेक्ट आहे आणि तो वर्तमानाशी धागा जोडून ठेवतो. 'येस्टरडे' हा संपलेला दिवस आहे. तपासायची रीत अशी: वाक्यात 'कधी?' याचं संपलेलं उत्तर आहे का ते शोधा. येस्टरडे, लास्ट इयर, इन २०१९, टू डेज अगो, व्हेन आय वॉज इन स्कूल, यांपैकी काही असेल तर साधा भूतकाळ. वेळ सांगितलेलीच नसेल, किंवा 'दिस वीक'सारखी अजून चालू असेल, तर 'हॅव' चालतो. 'आय हॅव सीन दिस फिल्म' एवढंच म्हटलं तर पूर्ण बरोबर. अमेरिकन इंग्रजीत 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्यासोबतही साधा भूतकाळ ऐकू येतो: 'आय ऑलरेडी एट'. ब्रिटिश वळणात तिथे 'आय हॅव ऑलरेडी ईटन' जास्त वापरतात. दोन्ही शुद्ध आहेत; एका लिखाणात एकच वळण ठेवा म्हणजे झालं.

आता 'सिन्स' आणि 'फॉर'. मराठीत 'पासून' दोन्हीकडे चालतं: सोमवारपासून, दोन वर्षांपासून. इंग्रजीत सुरुवातीचा बिंदू असेल तर 'सिन्स', लांबी असेल तर 'फॉर'. 'सिन्स मंडे', 'सिन्स २०१५', 'फॉर टू इयर्स', 'फॉर अ लाँग टाइम'. पण खरी गोम क्रियापदात आहे. 'मी इथे दोन वर्षांपासून काम करतोय' यातला वर्तमानकाळ जसाच्या तसा उचलला की 'आय ॲम वर्किंग हिअर' होतं. काम मागे सुरू होऊन आजपर्यंत आलंय, म्हणून इंग्रजीत 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर टू इयर्स'. आणि 'आय वर्क्ड देअर फॉर टू इयर्स' लिहिलंत तर वाचणारा समजतो की ते काम तुम्ही सोडलं. मुलाखतीच्या पत्रात एवढ्याशा फरकाने तुमची नोकरी चालू आहे की गेली, हेच बदलतं.

'आयएनजी' सरसकट लावायची सवयही मोडायला हवी. जाणणं, समजणं, मालकी असणं, आवडणं या क्रिया नसून अवस्था आहेत. तिथे साधा वर्तमानकाळ येतो. 'आय नो', 'आय अंडरस्टँड', 'दिस बिलाँग्ज टू मी', 'आय हॅव टू ब्रदर्स'. 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' चूक. मात्र 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर, कारण जेवण ही चाललेली क्रिया आहे. 'थिंक'चंही असंच: मत सांगायचं तर 'आय थिंक इट इज गुड', विचार चालू आहे असं सांगायचं तर 'आय ॲम थिंकिंग अबाउट इट'.

'डिड' आला की भूतकाळ त्याने उचलला. पुढचं क्रियापद मूळ रूपात. 'डिडन्ट वेन्ट' कधीच नाही, 'डिडन्ट गो'.

उरली 'जर-तर'ची वाक्यं. 'पाऊस आला तर मी येणार नाही' यात मराठी भूतकाळाचं रूप वापरते, इंग्रजी वर्तमानकाळाचं: 'इफ इट रेन्स, आय वोन्ट कम'. भविष्याबद्दल बोलत असलो तरी अशा अटीच्या भागात 'विल' येत नाही. व्हेन, बिफोर, आफ्टर, ॲज सून ॲज यांनी वेळ सांगणाऱ्या भागालाही हेच लागू. घडून गेलेल्या, आता बदलता न येणाऱ्या गोष्टीबद्दल 'तू सांगितलं असतंस तर मी आलो असतो' म्हणायचं असेल तर 'इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम'. इथे 'हॅड' हवाच.

पायरी ३: वाक्याचे सांधे तपासा

मराठी सांधा जोडीने बांधते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जोपर्यंत-तोपर्यंत. इंग्रजीत एकाच बाजूचा शब्द पुरतो. 'ऑल्दो इट वॉज लेट, बट ही केम' यात 'बट' जादा आहे. 'ऑल्दो' ठेवा किंवा 'बट' ठेवा. 'व्हेन'सोबत 'देन' नको, 'ॲज'सोबत 'सो' नको. 'इफ'सोबत 'देन' चालतो, पण सहसा लागत नाही.

'जोपर्यंत तू येत नाहीस तोपर्यंत मी थांबतो' हे वाक्य दुहेरी सापळा आहे. त्याचं 'अन्टिल यू डोन्ट कम' होतं, आणि अर्थच बिघडतो. 'अन्टिल'मध्ये नकार घालायचा नाही: 'आय विल वेट अन्टिल यू कम'.

प्रश्न दुसऱ्या वाक्यात शिरला की इंग्रजीत शब्दांचा क्रम पालटतो. 'तो कुठे आहे, मला माहीत नाही' यात मराठी प्रश्न तसाच राहतो. इंग्रजीत 'आय डोन्ट नो व्हेअर ही इज', 'व्हेअर इज ही' नव्हे. 'कुड यू टेल मी व्हेन द ऑफिस ओपन्स?' इथेही 'व्हेन डज द ऑफिस ओपन' नको, कारण प्रश्नाचा मान आधीच 'कुड यू टेल मी'ने घेतलाय.

'की'मधून सांगितलेल्या बोलण्यात सर्वनाम तपासा. 'तो म्हणाला की मी येतो' यातला 'मी' म्हणजे तोच. इंग्रजीत 'ही सेड दॅट आय विल कम' लिहिलंत तर येणारे तुम्ही ठरता. 'ही सेड दॅट ही वुड कम'.

बोलण्यातले दोन सांधे इथेच उरकून घेऊ. आपलं 'ना?' सगळीकडे एकच असतं म्हणून इंग्रजीतही सगळीकडे 'इझन्ट इट?' लागतं. तिथे ते क्रियापद आणि कर्त्याप्रमाणे बदलतं: 'यू आर कमिंग, आरन्ट यू?', 'शी लेफ्ट, डिडन्ट शी?'. दुसरं म्हणजे नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. 'तू गेला नाहीस?' याला आपण 'हो, नाही गेलो' म्हणतो, विचारणाऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा म्हणून. इंग्रजीत तुमची स्वतःची वस्तुस्थिती नकारात असेल तर उत्तर 'नो'च: 'नो, आय डिडन्ट'. फोनवर 'येस' म्हणून गप्प बसलात तर समोरचा उलटाच अर्थ घेतो.

पायरी ४: प्रिपोझिशन

यांना सरसकट नियम लावायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. क्रियापदाबरोबरच पाठ केलेली बरी. आधी जादा घातलेली काढा. डिस्कस, एंटर, रीच, मॅरी, ॲप्रोच, आन्सर, रिझेंबल ही क्रियापदं थेट कर्म घेतात: 'डिस्कस द प्लॅन', 'रीच द स्टेशन', 'मॅरी हर'. गंमत अशी की नाम झालं की प्रिपोझिशन परत येतं: 'अ डिस्कशन अबाउट द प्लॅन', 'अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह'. नामाची सवय क्रियापदाला लागते आणि 'डिस्कस अबाउट', 'रिक्वेस्टेड फॉर' जन्माला येतं. 'रिटर्न बॅक' आणि 'रिपीट अगेन' यांत दुसरा शब्द पहिल्यातच आहे. 'कोप अप विथ' असं काही नाही, 'कोप विथ' आहे.

मग विसरलेली घाला: लिसन टू, वेट फॉर, डिपेंड ऑन, अपॉलजाइझ फॉर. 'एक्स्प्लेन मी' चालत नाही. 'एक्स्प्लेन इट टू मी'.

वेळेसाठी घड्याळाला 'ॲट', दिवस-तारखेला 'ऑन', महिना-वर्षाला 'इन'. मात्र लास्ट, नेक्स्ट, दिस, एव्हरी यांपैकी काही आलं की प्रिपोझिशन गळतं: 'नेक्स्ट मंडे', 'ऑन नेक्स्ट मंडे' नाही.

'पर्यंत' या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन आहेत आणि ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत. शुक्रवारपर्यंत अर्ज द्या, म्हणजे शुक्रवार ही शेवटची मुदत. आधी कधीही दिला तरी चालेल. तिथे 'बाय फ्रायडे'. शुक्रवारपर्यंत दुकान उघडं आहे, म्हणजे क्रिया तोवर अखंड चालू. तिथे 'अन्टिल फ्रायडे'. 'सबमिट इट अन्टिल फ्रायडे' वाचून इंग्रजीभाषक बुचकळ्यात पडतो: शुक्रवारपर्यंत देतच राहायचं का?

पायरी ५: शब्दाची संगत

व्याकरण निर्दोष असूनही वाक्य परकं वाटतं ते बहुधा क्रियापद आणि नामाची जोडी चुकल्यामुळे. परीक्षा आपण देतो. ब्रिटिश आणि अमेरिकन इंग्रजीत विद्यार्थी ती 'टेक' करतो. शंका आपण विचारतो; इंग्रजीत 'आस्क अ क्वेश्चन', कारण 'डाउट' म्हणजे विश्वास न वाटणं. चूक 'मेक' करतात, गृहपाठ 'डू' करतात, खोटं 'टेल' करतात, दिवा 'टर्न ऑन' करतात, फोटो 'टेक' करतात. मुसळधार पाऊस 'हेवी रेन', कडक चहा 'स्ट्राँग टी'. 'पास आउट' म्हणजे आपण शिक्षण पूर्ण करणं समजतो. भारताबाहेरचा बहुतेक वाचक 'बेशुद्ध पडणं' समजेल. 'ग्रॅज्युएट' म्हणा.

काही जोड्यांत दिशा महत्त्वाची. 'बॉरो' म्हणजे उसनं घेणं, 'लेंड' म्हणजे उसनं देणं. 'कॅन यू बॉरो मी युअर पेन?' यात दिशा उलटी झाली. 'लर्न' शिकणं, 'टीच' शिकवणं. 'से'नंतर थेट माणूस येत नाही, 'टेल'नंतर यावा लागतो: 'ही सेड दॅट...', 'ही टोल्ड मी दॅट...'. 'स्टील'चं कर्म चोरीचा माल, 'रॉब'चं कर्म लुटलेला माणूस किंवा बँक.

'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत एका अक्षराचा फरक, पण सूर उलटा. 'आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे काही मित्र आहेत, बरं चाललंय. 'आय हॅव फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मित्र जवळजवळ नाहीतच. न मोजता येणाऱ्या नामांपुढे 'लिटल' आणि 'अ लिटल' यांचंही तेच. 'टू' आणि 'व्हेरी'ही नीट ओळखा: 'इट इज व्हेरी हॉट' म्हणजे खूप गरम, 'इट इज टू हॉट' म्हणजे चालणार नाही इतकं गरम.

पुढचं क्रियापद 'आयएनजी'चं की 'टू'चं, हेही संगतीतच मोडतं. एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, माइंड, सजेस्ट यांच्यापुढे 'आयएनजी'. वॉन्ट, डिसाइड, होप, रिफ्यूज, ॲग्री यांच्यापुढे 'टू'. 'रिमेंबर' दोन्ही घेतो: 'रिमेंबर टू लॉक द डोअर' म्हणजे कुलूप लावायला विसरू नको, 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे लावल्याचं मला आठवतंय. आणि 'लुक फॉरवर्ड टू'मधला 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू'.

हे सगळं पाठ करणं शक्य नाही, म्हणून डिक्शनरी वाचायला शिका. इंग्रजी-मराठी डिक्शनरी अर्थ देते, संगत देत नाही. शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम केलेली इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरी घ्या. या प्रकाराला ऑक्सफर्डने १९४८ साली काढलेल्या ए. एस. हॉर्नबी यांच्या डिक्शनरीने मोठं वळण दिलं. लाँगमनच्या १९७८च्या डिक्शनरीने व्याख्या सुमारे २,००० नेहमीच्या शब्दांतच लिहिल्या, त्यामुळे अर्थ समजायला आणखी डिक्शनरी लागत नाही. आज अशा डिक्शनऱ्या इंटरनेटवर फुकट पाहता येतात.

नोंद वाचताना व्याख्येवर थांबू नका. नामापुढे सी असेल तर मोजता येणारं, यू असेल तर न मोजता येणारं. क्रियापदापुढे टी असेल तर त्याला कर्म हवं, आय असेल तर नको. मग उदाहरणाची वाक्यं बघा आणि शब्दाच्या आधी-नंतर काय आलंय ते टिपा. 'ॲडव्हाइस' शोधलंत तर यू खूण दिसेल, आणि उदाहरणांत 'गिव्ह', 'टेक', 'फॉलो', 'अ पीस ऑफ', 'ऑन' हे सोबती सापडतील. एवढी एक नोंद नीट वाचली की चार शंका मिटतात. दोन जोड्यांपैकी कोणती रुळलेली, हे ठरत नसेल तर कॉर्पस म्हणजे खऱ्या लिखाण-बोलण्याचा साठा तपासा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे १० कोटी शब्द आहेत. दोन्ही शब्दप्रयोग शोधून आकडे ताडून पाहता येतात.

तपासणी प्रत्यक्षात कशी होते

हे पत्र घ्या: 'आय ॲम वर्किंग इन दिस डिपार्टमेंट सिन्स थ्री इयर्स. लास्ट मंथ आय हॅड गिव्हन ॲन एक्झाम अँड द रिझल्ट हॅज कम ऑन लास्ट फ्रायडे. आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट प्रमोशन. प्लीज टेल मी व्हेन कॅन आय मीट यू.'

पहिल्या वाक्यात तीन वर्षं ही लांबी, म्हणून 'फॉर'. काम अजून चालू, म्हणून 'हॅव बीन वर्किंग'. दुसऱ्यात 'लास्ट मंथ' ही संपलेली वेळ आणि नंतरच्या घटनेशी तुलना नाही, म्हणून 'हॅड' गेला. परीक्षेची संगत 'टेक'शी, म्हणून 'आय टुक'. निकालालाही 'लास्ट फ्रायडे' ही संपलेली वेळ आहे, म्हणून 'हॅज कम' गेलं. 'लास्ट'आधीचं 'ऑन' गळालं. निकाल 'कम आउट' होतो. तिसऱ्यात 'अबाउट' जादा, 'प्रमोशन' उघडं पडलंय, आणि वरिष्ठांना 'आय वॉन्ट' आग्रही वाटतं, म्हणून 'आय वुड लाइक'. चौथ्यात प्रश्न वाक्यात शिरलाय, म्हणून क्रम सरळ.

'आय हॅव बीन वर्किंग इन दिस डिपार्टमेंट फॉर थ्री इयर्स. आय टुक ॲन एक्झाम लास्ट मंथ, अँड द रिझल्ट केम आउट लास्ट फ्रायडे. आय वुड लाइक टू डिस्कस अ प्रमोशन. प्लीज लेट मी नो व्हेन आय कॅन मीट यू.'

चुकांची वही ठेवा, पण तिच्यात चुकीचं वाक्य मोठ्या अक्षरांत लिहू नका. नजरेला तेच सवयीचं होतं. बरोबर वाक्य पूर्ण लिहा, चुकलेली जागा अधोरेखित करा आणि शेजारी पायरीचा आकडा टाका. वीस-पंचवीस वाक्यं झाली की आकडे मोजा. एखादा आकडा इतरांपेक्षा ठळकपणे जास्त येईल. पुढचे काही आठवडे प्रत्येक लिखाणाची तपासणी त्या पायरीपासून सुरू करा, आणि तो आकडा उतरला की वहीत त्याच्या खालोखाल असलेली पायरी घ्या.